मॅडम, बजेटमध्ये आपल्याला काय?

(करविषयक प्रश्नोत्तरे. उत्तरं देणाऱ्या लेखिका गेली एकतीस वर्षं लहान-मध्यम व्यावसायिकांच्या करसल्लागार आहेत. अर्थसंकल्पाच्या तोंडावर आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत.)

प्रश्न : दरवर्षी १ फेब्रुवारीला दुकानातला टीव्ही लावून भाषण ऐकतो. दीड तासानंतर हाती काही लागत नाही. माझ्यासारख्याने नेमकं काय बघायचं? – हार्डवेअरचे दुकानदार, सांगली

भाषण ऐकायला हरकत नाही, मीही ऐकते. पण कराचा मामला भाषणाच्या ‘भाग ब’मध्ये येतो, आणि तिथेही मंत्री वाचतात ते मथळेच. तुमच्या खिशाशी संबंध असलेला मजकूर वित्त विधेयकात आणि त्यासोबतच्या स्पष्टीकरणाच्या टिपणात असतो. भाषण संपलं की दोन्ही कागद अर्थसंकल्पाच्या सरकारी संकेतस्थळावर येतात.

मी उमेदवारी करत होते तेव्हा बजेट संध्याकाळी पाचला असायचं. १९९९ साली यशवंत सिन्हांनी ते सकाळी अकरावर आणलं, त्याच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी आमच्या सरांच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडायच्या. भाषण संपलं रे संपलं की अशिलांचा एकच प्रश्न : साहेब, रेट किती झाला? सर म्हणायचे, रेट उद्या पेपरात येईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विधेयकाची झेरॉक्स हातात आली की ते प्रत्येक कलमाचं शेवटचं वाक्य आधी वाचायचे, म्हणजे ही तरतूद कधीपासून लागू, ते. लाल पेन्सिलीने त्या तारखेखाली रेघ मारायची आणि मगच कलम काय म्हणतं ते बघायचं. तेव्हा मला हा म्हातारपणाचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. आता माझ्याकडेही लाल पेन्सिल आहे.

एक उदाहरण देते. लघुउद्योगांचे पैसे वेळेत दिले तरच खर्चाची वजावट, ही तरतूद १ फेब्रुवारी २०२३ च्या भाषणात एका परिच्छेदात होती. त्या दिवशी सगळे नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत कर नाही, यावर बोलत होते. ही तरतूद लागू झाली २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबाला. लोक जागे झाले २०२४ च्या जानेवारीत, वर्ष संपायला दोन महिने उरले तेव्हा. त्या दोन महिन्यांत माझा फोन गरम असायचा.

दुसरं म्हणजे, बजेटमध्ये जीएसटी कमी होईल का, हे विचारणं सोडा. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. तुमच्याकडचं सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं ते २२ सप्टेंबर २०२५ ला, बजेटशी त्याचा संबंध नव्हता. कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला तोही २० सप्टेंबर २०१९ ला, एका शुक्रवारी, अध्यादेशाने. व्यावसायिक करातले अलीकडचे दोन मोठे बदल दोन्ही सप्टेंबरात झाले. म्हणून १ फेब्रुवारीचा ताण फार घेऊ नका. वित्त विधेयकातल्या तारखा मात्र वाचा, किंवा तुमच्या सीएकडून वाचून घ्या.

प्रश्न : आमचं यंत्रमागावर जॉबवर्क चालतं. ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आला म्हणून आनंद झाला होता. पण ज्या पार्टीचं काम करतो तिने सरळ सांगितलं, ‘उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करा, नाहीतर काम दुसरीकडे देतो.’ काय करावं? – एक वाचक, इचलकरंजी

रद्द करू नका. आधी हे सांगते, कारण हे पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला.

आता कायदा काय आहे ते बघू. आयकराच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे ‘उद्यम’मध्ये, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत, नाव असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते. मुदत कोणती? लेखी करार असेल तर त्यात ठरेल ती, पण ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. करारच नसेल तर १५ दिवस. बहुतेकांचा करार तोंडी असतो, म्हणजे कायद्याने ते १५ दिवसांवर उभे असतात आणि ४५ ची भाषा बोलत असतात. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. निव्वळ व्यापाऱ्यालाही नाही, त्याची उद्यम नोंदणी फक्त बँकेच्या कर्जापुरती. तुम्ही कापड विणून देता, तेव्हा तुम्ही यात बसता.

तुमच्या पार्टीला कशाची भीती वाटते तेही समजून घ्या. समजा तिच्याकडे तुमचं दहा लाखांचं बिल २० डिसेंबरचं आहे आणि पैसे १० एप्रिलला दिले. ती कंपनी असेल आणि २२ टक्क्यांच्या दरात असेल, तर अधिभार-उपकर धरून यंदा सुमारे अडीच लाखांचा कर जास्त भरावा लागेल. पुढच्या वर्षी वजावट मिळेल, पैसे बुडत नाहीत. पण एक वर्ष अडकतात. थोडक्यात, तुमचे पैसे अडकवून ती जी सोय करून घेते तीच सोय सरकार तिच्याकडून करून घेतं.

आणि आता या कायद्याची खोट. जूनचं बिल पार्टीने मार्चमध्ये दिलं, नऊ महिने उशिरा, तर आयकराच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही. खर्च त्याच वर्षी मिळतो. काठी फक्त मुदत उलटूनही ३१ मार्चला थकलेल्या बिलांवर बसते. मला विचाराल तर करकायद्याकडून उधारी वसूल करायला लावणं ही मुळात अर्धवट कल्पना आहे. हेतू चांगला, हत्यार चुकीचं. उशिरा पैसे देणाऱ्याला खरा चाप लागला असता तो लघुउद्योग कायद्यातल्या व्याजाने. तिथे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे, आणि ते व्याज खरेदीदाराला खर्च म्हणूनही मिळत नाही. ही तरतूद २००६ पासून आहे. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकावर दावा लावून कोण धंदा करणार?

त्यात जीएसटीचं घड्याळ वेगळंच चालतं. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. खरेदीदाराने मात्र १८० दिवस पैसे दिले नाहीत तरच त्या बिलावरच्या जीएसटीचं त्याने घेतलेलं क्रेडिट, म्हणजे वजावट, त्याला परत करावं लागतं. एकाच बिलाला एक कायदा १५ किंवा ४५ दिवस म्हणतो, दुसरा १८०. बजेटपूर्व निवेदनांत मी गेली काही वर्षं हे लिहिते : लहान विक्रेत्याला पैसे आल्यावर जीएसटी भरू द्या. एवढं केलं तरी दोन टक्के दर कमी केल्यापेक्षा जास्त दिलासा मिळेल.

तुम्ही लगेच करण्याजोगं : बिलावर उद्यम क्रमांक छापा. चलनावर माल पोचल्याची तारीख आणि सही घ्याच, मुदत तिथून मोजतात. पार्टीशी साध्या कागदावर ४५ दिवसांचा करार करा, तिलाही १५ पेक्षा ते बरं. आणि फेब्रुवारीच्या मध्याला थकबाकीची यादी तिच्या अकाउंटंटला पाठवा. मालकाला पाठवू नका. मार्चच्या धास्तीने अकाउंटंट तुमचं काम स्वतःहून करतो, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ भागीदारीत फॅब्रिकेशन करतो. फर्मला ३१.२ टक्के कर आणि प्रायव्हेट लिमिटेडला २५.१७. हा अन्याय नाही का? कंपनी करून टाकावी का? – चाकण

अन्याय आहे. कंपनी करावी का, हा वेगळा प्रश्न.

हिशेब मांडते. तुमचा पगार काढण्याआधीचा, पण भांडवलावरचं व्याज गेल्यानंतरचा नफा २० लाख धरा. जुलै २०२४ च्या बजेटने फर्मला खर्च म्हणून धरता येणाऱ्या भागीदारांच्या पगाराची मर्यादा वाढवली : पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के यातली मोठी रक्कम, वरच्या नफ्यावर ६० टक्के. म्हणजे ५.४० अधिक ८.४०, एकूण १३.८० लाख. दोघांत वाटले तर प्रत्येकी ६.९० लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत त्यावर काही भरावं लागत नाही. उरले ६.२० लाख, त्यावर फर्मचा कर १,९३,४४०. करानंतरचा नफा तुमच्या हातात करमुक्त येतो.

कंपनीत संचालकांच्या पगाराला आयकरात अशी टक्केवारी नाही. रक्कम वाजवी असली म्हणजे झालं. दोघांना दहा-दहा लाख दिले तर कंपनीत काही उरत नाही आणि तुमच्या हातातही कर लागत नाही. म्हणजे दोन लाखांचा फरक ३१ आणि २५ या आकड्यांतून आलेला नाही, तो त्या ६० टक्क्यांच्या झाकणातून आला. दरावर सगळे बोलतात, झाकणावर कोणी बोलत नाही. फर्म आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांना २०१९ च्या कपातीतून का वगळलं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मग कंपनी करा, असं मी म्हणेन असं तुम्हाला वाटत असेल. थांबा. माझा एक अशील, तुमच्यासारखाच, असाच हिशेब बघून कंपनी करून बसला. मी अडवलं नाही, ही माझी चूक. त्याला तीस वर्षांची सवय : घरी पैसे लागले की धंद्याच्या खात्यातून उचलायचे. फर्ममध्ये ती उचल भांडवल खात्याला पडते आणि कोणी विचारत नाही. कंपनीत तीच उचल, साठलेला नफा असेल तिथपर्यंत, लाभांश मानली जाते, मग तुम्ही तिला हातउसने म्हणा नाहीतर कर्ज. मुलीच्या लग्नात त्याने कंपनीच्या खात्यातून अठरा लाख काढले आणि मला सांगितलं सप्टेंबरात, ऑडिटच्या वेळी. बॅलन्सशीटमध्ये ‘संचालकांकडून येणे’ ही ओळ मी बोटाने दाखवली, तेव्हा तो म्हणाला, ‘माझ्याच कंपनीकडून मीच घेतले, त्यात येणे कुणाकडून?’ त्या वर्षी भरलेल्या करात कंपनीची तीन वर्षांची बचत गेली. वर उलाढाल कितीही असो ऑडिट सक्तीचं, कंपनी निबंधकाकडे दरवर्षीची विवरणपत्रं, सभांची इतिवृत्तं.

तेव्हा आधी एक वर्ष फर्ममध्येच दोघांनी दरमहा ठरलेला पगार घेऊन बघा, त्याबाहेर एक रुपया उचलायचा नाही. जमलं तर पुढच्या वर्षी बोलू. दरम्यान दोन गोष्टी तपासा. भागीदारी करारात पगाराचा आकडा किंवा सूत्र लिहिलेलं हवं, नाहीतर वजावट मिळत नाही. बऱ्याच जुन्या करारांत अजून तीन लाखांचं जुनं सूत्र तसंच आहे. आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षात २० हजारांवर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा आयकर) कापायचा. कलम १९४टी. तुमच्या सीएने सांगितलं नसेल तर हे वाचून झाल्याबरोबर फोन करा.

प्रश्न : बारा लाखांपर्यंत कर नाही, मग मी रिटर्न का भरू? – किराणा व्यापारी

कारण करमुक्त मर्यादा चार लाखांची आहे. चार ते बारा लाखांवर कर लागतो आणि मग साठ हजारांपर्यंतची सवलत मिळते. ती रिटर्न भरणाऱ्यालाच दिसते. शेअर विकून आलेल्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती लागू नाही. आणि हे बारा लाख उत्पन्नाचे, विक्रीचे नव्हेत. हा घोटाळा इतके जण करतात की मी ऑफिसच्या दारावर पाटी लावायच्या विचारात आहे.

प्रश्न : आम्ही कर भरायचा आणि सरकारने उधळायचा. दर निम्मे करा, सगळे प्रामाणिकपणे भरतील. तुम्हाला पटतं का? – निवृत्त उद्योजक, नाशिक

अर्धं पटतं. दर अवाच्या सवा असले की लोक चुकवतात, हे आपण पाहिलेलं आहे. १९७३-७४ मध्ये वरच्या टप्प्यावर अधिभारासह ९७.७५ टक्के आयकर होता. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. पुढच्याच बजेटमध्ये त्यांनीच तो ७७ वर आणला. १९९७ ला चिदंबरम यांनी १०, २०, ३० असे टप्पे केले, आणि वरचा ३० तेव्हापासून टिकून आहे. त्यानंतर ‘दर फार आहे म्हणून चुकवतो’ ही सबब माझ्याकडे कोणी सांगितली तर मी चष्म्यावरून बघते.

पण निम्मे करणार कशातून? २०२५-२६ च्या बजेटमधला रुपया बघा. २४ पैसे उसने आणलेले आहेत. २० पैसे व्याजात जातात. २२ पैसे राज्यांचा वाटा. आयकरातून २२ पैसे येतात आणि कंपन्यांच्या करातून १७. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या व्यक्ती कंपन्यांपेक्षा जास्त भरतात. २०१९ च्या कपातीने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला जाईल, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. गुंतवणूक वाढावी हा हेतू होता. माझ्या अशिलांपैकी ज्यांना ती कपात मिळाली त्यांनी त्या पैशातून आधी कर्ज फेडलं. नवं मशीन घेतलं ते ऑर्डर आल्या तेव्हा. कर कमी झाला म्हणून लेथ विकत घेणारा कारखानदार मला अजून भेटायचा आहे. उधळपट्टीबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही.

प्रश्न : १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. सगळं पुन्हा शिकायचं का? – अनेक वाचक

कलमांचे नंबर आम्ही शिकू, तुम्ही नका शिकू. तुमच्यासाठी बदल इतकाच की ‘आधीचं वर्ष’ (उत्पन्न कमावलं ते) आणि ‘निर्धारण वर्ष’ (त्याच्या पुढचं, रिटर्नचं) ही जोडगोळी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न २०२६ मध्ये भराल ते जुन्या, १९६१ च्याच कायद्याखाली. १५ मार्चचा ॲडव्हान्स टॅक्सही जुन्यातलाच. एप्रिलपासूनचा टीडीएस नव्यात. सहाएक महिने चलन भरताना वर्ष नीट निवडा, गोंधळ तिथेच होणार आहे.

प्रश्न : मी एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. विक्रीवरचा टीसीएस आला, मग खरेदीवरचा टीडीएस आला, आता टीसीएस गेला. टॅलीमधली ती सगळी लेजरं काढून टाकू का? आणि जायचाच होता तर आणला कशाला? – सोलापूर

दुसऱ्या प्रश्नापासून. १ ऑक्टोबर २०२० पासून, दहा कोटींवर उलाढाल असलेल्या विक्रेत्याने एका गिऱ्हाइकाकडून वर्षात ५० लाखांवर आलेल्या रकमेवर ०.१ टक्का आयकर गोळा करायचा होता, तो टीसीएस. कोविडमुळे पहिले सहा महिने ०.०७५. नऊ महिन्यांनी, १ जुलै २०२१ ला, खरेदीदाराने त्याच मालावर ०.१ टक्का कापायचं कलम आलं, तो टीडीएस. दोघांनी करायचं की एकाने? खरेदीदार कापत असेल तर विक्रेत्याने गोळा करायचा नाही, असं उत्तर. पण तो कापतो हे कळणार कसं? म्हणून पत्रं. माझ्या ऑफिसात ‘आम्ही कापतो, तुम्ही गोळा करू नका’ या मजकुराच्या पत्रांच्या चार बॉक्सफाइली आहेत. १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस रद्द. साडेचार वर्षं. हेतू व्यवहारांवर नजर ठेवण्याचा होता, आणि तेवढी माहिती जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमधून (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलातून) सरकारकडे तशीही जाते. हे २०२० मध्येही दिसत होतं. त्याच महिन्यात ई-इनव्हॉइस सुरू झालं होतं. माझी बजेटकडून एकच मागणी असेल तर ती ही : पाच वर्षं टिकणार नाही असं कलम आणू नका. त्याची किंमत दरात दिसत नाही. तुमच्यासारख्यांच्या रात्री आठनंतरच्या वेळात ती दिसते.

आता लेजरं. काढू नका. आयकर खात्याला जुनं वर्ष तपासणीसाठी सव्वातीन वर्षांपर्यंत, आणि ५० लाखांवर उत्पन्न करातून सुटल्याचा पुरावा असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत उघडता येतं, तेही निर्धारण वर्ष संपल्यापासून मोजून. नावापुढे ‘बंद – ३१ मार्च २०२५’ असं लिहा आणि तशीच राहू द्या. मीही त्या चार फाइली माळ्यावर टाकल्या आहेत, रद्दीवाल्याला दिलेल्या नाहीत.